बर्फावरचं फिश हाऊस भाड्यानं घेताना: फोनपासून परतीपर्यंत, टप्प्याटप्प्यानं

दर जानेवारीत एखाद्या शनिवारी सकाळी मला फोन येतो. "अरे, आम्ही तलावावर पोचलोय. नकाशात घर दाखवतोय तिथे नुसता बर्फ आहे. जायचं कुठून?" गाडीत चार मोठी माणसं, तीन पोरं, पातेलंभर पुलाव आणि मासेमारीचं लायसन्स एकाकडेच. फिश हाऊस, म्हणजे गोठलेल्या तलावावर ठेवलेलं, जमिनीतल्या भोकांतून गळ टाकायचं खोपटं, असतं किनाऱ्यापासून तीन मैल आत, आणि तिथे नेणारी गाडी सकाळी सातलाच निघून गेलेली असते.

चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ एकच. आपली मंडळी फिश हाऊस हॉटेलच्या खोलीसारखं बुक करतात: फोटो बघायचे, खाटा मोजायच्या, पैसे भरायचे. चार भिंती आणि छप्पर ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट. तुम्ही खरे पैसे मोजता ते बर्फावर राखलेल्या रस्त्याचे, आणि रोज बर्फाला भोक पाडून जाडी मोजणाऱ्या माणसाचे. म्हणून आधी माणूस आणि रस्ता बघायचा, घर नंतर.

खालचं सगळं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याला धरून आहे. मिनिआपोलिस-सेंट पॉलकडून जाणाऱ्यांचे नेहमीचे तलाव तीन: मिल लॅक्स, अप्पर रेड लेक आणि कॅनडाच्या सीमेवरचं लेक ऑफ द वूड्स. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये किंवा डकोटात गेलात तर टप्पे हेच, पण नियम तिथले वेगळे.

## टप्पा १: दिवसाचं घर की मुक्कामाचं, हे आधी ठरवा

भाड्याची घरं दोन जातींची. डे हाऊस म्हणजे सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणतात ते. आत बाकं, हीटर आणि जमिनीत पाडलेली भोकं, बस. स्लीपर म्हणजे मुक्कामाचं: भिंतीला लावलेल्या बंक खाटा, शेगडी, दिवे, टेबल, कधी छोटं स्वयंपाकघर.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः पोरं सोबत असतील तर, डे हाऊसच घ्यावं. फोटोतलं स्लीपर बघून सगळे भुलतात, आणि रात्री अकराला एखादं पोर "मला घरी जायचंय" म्हणून सूर लावतं तेव्हा बाहेर उणे पंचवीस सेल्सियस असतं आणि घेऊन जाणारी गाडी सकाळी येणार असते.

माणसं मोजताना खाटा मोजू नका, भोकं मोजा. माझी स्वतःची पहिली फजिती हीच. "सहाजणांचं" म्हणून घेतलेल्या घरात खाटा सहा होत्या, भोकं चार. दोघं आळीपाळीनं खाटेवर बसून खाली बघत होते. मालकाची काही चूक नव्हती, "सहा झोपतील" असंच लिहिलं होतं.

तपासा: किती जण खरोखर गळ टाकणार आणि किती जण चहा प्यायला येणार? हे दोन आकडे वेगळे लिहून ठेवा. पुढे फोनवर दोन्ही लागतील.

## टप्पा २: तलाव आणि तारीख

मिल लॅक्स शहरापासून साधारण शंभर मैल, दोन तासांच्या आत-बाहेर. एका दिवसात जाऊन-येऊन होतं. लेक ऑफ द वूड्ससाठी बॉडेटपर्यंत जायचं तर पाच तासांची तयारी ठेवा. तिथे एका दिवसाचा खेळ करू नका. येताना हिवाळी अंधारात हरणं रस्त्यावर उतरतात आणि चालवणारा दमलेला असतो.

पाण्याच्या रंगानंही फरक पडतो. मिल लॅक्सचं पाणी नितळ, त्यामुळे वॉलआय हा तिथला मुख्य मासा उजेड कमी झाल्यावर, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त लागतो. लेक ऑफ द वूड्सचं पाणी चहासारखं गढूळ तपकिरी, तिथे भर दुपारीही चालतं. मिल लॅक्सवर डे हाऊस घेतलंत आणि परतीची गाडी साडेतीनला असेल, तर नेमका मासा लागायच्या वेळेला तुम्ही बूट बांधत असता.

आता तारीख. डिसेंबरच्या सुरुवातीचं स्वस्त बुकिंग टाळा. नवा बर्फ वाऱ्यानं तुटतो. २८ नोव्हेंबर २०२२ला अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि सुमारे दोनशे लोक त्यावर अडकले. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर २०२३ला, त्याच तलावावर पुन्हा शंभराहून अधिक लोकांना सोडवावं लागलं. दुसरी घटना नाताळनंतरची आहे, हे लक्षात घ्या. "नाताळ झाला म्हणजे बर्फ पक्का" असं काही नसतं. २०२३-२४चा हिवाळा इतका गरम गेला की कितीतरी बुकिंगं रद्द झाली. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी जानेवारीचा मधला आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा.

फेब्रुवारीअखेरीचं एक कुंपण आहे. राज्याच्या आतल्या तलावांवर वॉलआय आणि नॉर्दर्न पाईकचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो. त्यानंतर पर्च, क्रॅपी पकडता येतात, पण वॉलआय लागला तर सोडून द्यावा लागतो. लेक ऑफ द वूड्सवर मात्र वॉलआय १४ एप्रिलपर्यंत चालू असतो, म्हणून मार्चमध्ये जायचं तर तिकडे.

## टप्पा ३: फोन करा, नुसतं ऑनलाइन बुक करू नका

हा टप्पा सगळे गाळतात, आणि सगळं बिघडतं ते इथूनच. वेबसाईटवर तारीख निवडून कार्ड फिरवलं की काम झालं असं वाटतं. फोन करा. मालक किंवा मालकीणबाई बोलतात, सहसा मोकळेपणानं. पहिल्यांदाच येतोय हे आधी सांगून टाका. शहाणपणा दाखवलात तर ते गृहीत धरतात की तुम्हाला सगळं माहीत आहे.

विचारायच्या गोष्टी या क्रमानं:

१. घरापर्यंत कसं जायचं? तुम्ही नेता की आम्ही आमच्या गाडीनं यायचं? लेक ऑफ द वूड्सवर बहुतेक ठिकाणी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांनी, ट्रॅक व्हॅननं किंवा जुन्या बॉम्बार्डियरनं, नेऊन सोडतात. मिल लॅक्सवर पुष्कळदा तुमचीच गाडी, त्यांनी नांगरलेल्या, म्हणजे वर साचलेला भुसभुशीत बर्फ बाजूला सारून मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून. रस्त्याचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, तेही विचारा.

२. हजेरी कुठे आणि किती वाजता? किनाऱ्यावरच्या ऑफिसचा पत्ता घ्या. नकाशात घराचं ठिकाण टाकून उपयोग नाही, कारण मासे हलले की घरंही हलवतात.

३. हीटर कसला? धूर बाहेर सोडणारी, व्हेंट असलेली भट्टी की उघड्या जाळीचा प्रोपेन हीटर? पहिली असेल तर बरं. दुसरा असेल तर हवा खेळती ठेवायला काय सोय आहे? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत आहे का?

४. भोकं किती, पाडून मिळतात का, गोठली तर कोण उघडतं? चांगल्या ठिकाणी दिवसातून एकदा तरी माणूस फेरी मारतो.

५. भाडं माणशी की घराचं? बऱ्याच स्लीपरना किमान माणसांची अट असते. तुम्ही तिघं गेलात तरी चौघांचे पैसे. आणि गळ न टाकणाऱ्या पोराचे पैसे लागतात का?

६. संडासाची सोय काय? लाजू नका. कुठे बाहेर लाकडी खोपटं असतं, कुठे आतच पिशवी लावायची बादली, कुठे "परत आलात की किनाऱ्यावर". बायका-मुलं सोबत असतील तर हा प्रश्न पहिल्या क्रमांकावर न्या.

७. बर्फ नसला तर पैसे? पैसे परत, की फक्त तारीख बदलून? आणि "बर्फ चालेल" हे कोण ठरवणार?

८. गळ, दोरी, आमिष मिळतं का? काही ठिकाणी भाड्यात सगळं, काही ठिकाणी मिनो नावाचे छोटे जिवंत मासे सोडून बाकी सगळं आणायचं.

उत्तरं कागदावर लिहा आणि मग ईमेलनं "आपलं असं ठरलं" म्हणून दोन ओळी पाठवा. वाद होतात ते नेहमी पाचव्या आणि सातव्या प्रश्नावर.

खबरदारी: "आज बर्फ किती इंच आहे?" या प्रश्नाला थेट आकडा आणि कुठे मोजला हे सांगणारा मालक चांगला. "अहो भरपूर आहे, काळजी नको" म्हणणाऱ्याकडे मी तरी जात नाही.

## टप्पा ४: लायसन्स, प्रत्येकाचं

घर भाड्यानं घेतलं म्हणजे मासेमारीची परवानगी मिळाली असं नाही. घराचं लायसन्स मालकाचं, गळाचं तुमचं. १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, जो गळ हातात धरणार त्याला, लायसन्स लागतं. राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या साईटवर किंवा आमिषाच्या दुकानात काढता येतं.

इथे दोन गोष्टींत लोक फसतात. एक, मिनेसोटात सलग ६० दिवस राहिल्यावरच रहिवाशाचं स्वस्त लायसन्स घेता येतं. गेल्याच महिन्यात न्यू जर्सीहून बदली होऊन आलेल्या मित्राला ते चालत नाही. दोन, पाहुणे. भारतातून आलेले काका नुसते बसून बघत असतील तर काही लागत नाही, पण "धरा जरा" म्हणून त्यांच्या हातात दोरी दिलीत की तेही मासेमारीच करताहेत. त्यांच्यासाठी २४ तासांचं लायसन्स काढणं सोपं.

जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या जोडून आलेल्या तीन दिवसांत, १५ किंवा त्याहून लहान मुलाला मासेमारीला नेणाऱ्या मिनेसोटाच्या रहिवाशाला लायसन्स लागत नाही. गर्दी असते, घर नोव्हेंबरातच बुक करा.

हिवाळ्यात माणशी दोन गळ टाकता येतात, ट्राउटसाठी राखलेल्या पाण्यांवर एकच. किती आणि केवढ्या मापाचे मासे ठेवायचे ते तलावागणिक बदलतं. लेक ऑफ द वूड्सवर साडेएकोणीस ते २८ इंचांमधला वॉलआय सोडून द्यावा लागतो, कारण तीच अंडी घालणारी वीण. मिल लॅक्सचे नियम दर हंगामाला नव्यानं जाहीर होतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वाचा आणि फोटो काढून ठेवा. तलावावर इंटरनेटचा भरवसा नाही.

## टप्पा ५: कपडे आणि सामान

कपड्यांचा गोंधळ दोन टोकांचा असतो. घराच्या बाहेर चेहरा बधिर करणारी थंडी, आत हीटर पेटला की टी-शर्टवर बसावं असा उकाडा. म्हणून एक जाडजूड कोट नको, थर हवेत. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कपडा घामानं ओला झाला की बाहेर पडल्यावर अंगावरच गार पडतो.

बूट एक नंबर मोठे घ्या. दोन-दोन जाड मोजे घालून बूट घट्ट केले की रक्त खेळत नाही आणि पाय जास्त गारठतात. हे दर वर्षी कुणीतरी करतंच. हातमोज्यांत बोटं एकत्र राहणारे मिटन्स पाच बोटांच्यापेक्षा ऊबदार. आणि माकडटोपी. हो, तीच, जिला आपण पुण्यात हसतो. तिच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही.

सोबत घ्यायचं:

- बुटांना लावायचे काटे, प्रत्येकाला
- गळ्यात अडकवायचे बर्फाचे टोचे: पाण्यात पडलात तर बर्फाच्या कडेला रोवून स्वतःला वर ओढायला
- डोक्याला लावायचा दिवा
- थंडीत फोन पटकन मरतो, म्हणून पॉवर बँक, तीही आतल्या खिशात
- स्लीपरला जात असाल तर झोपायच्या पिशव्या, उशा, पिण्याचं पाणी, भांडी, कचऱ्याच्या जाड पिशव्या
- कार्बन मोनॉक्साइडचा स्वतःचा अलार्म, मालकाकडे असला तरी

खायला असं न्या की जे गार झालं तरी खाता येईल. पुलाव गोठतो, धपाटे आणि ठेचा गोठत नाही. चहा थर्मासमध्ये, आणि दोन थर्मास.

हमखास चूक: सगळे थर घालून दोन तास तापलेल्या गाडीत बसणं. घाम येतो, आणि उतरल्यावर तोच गारठवतो. वरचे थर किनाऱ्यावर उतरून घाला.

## टप्पा ६: किनाऱ्यापासून घरापर्यंत

आधी ऑफिसात हजेरी लावा, मगच बर्फावर. घराचा नंबर, माणसाचा फोन नंबर आणि रस्त्याचा नकाशा घ्या.

नेऊन सोडत असतील तर प्रश्न मिटला. स्वतःची गाडी न्यायची असेल तर डीएनआरचे जाडीचे आकडे तोंडपाठ ठेवा. हे पारदर्शक, काळसर-निळ्या नव्या बर्फाचे आहेत:

- ४ इंचांच्या आत: पाय ठेवू नका
- ४ इंच: चालत
- ५ ते ७ इंच: स्नोमोबाईल किंवा छोटी एटीव्ही
- ९ ते १० इंच: लहान मोटार
- ११ ते १२ इंच: मध्यम एसयूव्ही किंवा छोटा पिकअप
- १६ ते १७ इंच: मोठा, जड पिकअप

पांढरा, बर्फवृष्टीतून झालेला बर्फ याच्या निम्माच भार पेलतो, म्हणजे जाडी दुप्पट धरायची. आणि आकडा एका जागेचा असतो. शंभर फुटांवर झऱ्याचं तोंड किंवा नदीचा प्रवाह असला की तिथे निम्माही नसतो. म्हणूनच नांगरलेला रस्ता सोडायचा नाही, कितीही आखूड वाटणारी वाट दिसली तरी.

गाडी बर्फावर उतरली की सीट बेल्ट काढा, खिडक्या खाली करा, दिवे लावा, हळू चालवा. घरात वाढलेल्या प्रत्येक सवयीच्या उलट आहे हे, पण गाडी खाली गेली तर काही सेकंदांत बाहेर पडावं लागतं. हळू का, तर चालत्या गाडीखाली बर्फ किंचित दबून पाण्यात लाट उठते, आणि वेगात ती लाट किनाऱ्याजवळ किंवा पुढच्या गाडीखाली बर्फ फोडू शकते. पुढच्या गाडीपासून चांगलं अंतर ठेवा. मोठ्या भेगेवर मालकांनी टाकलेला लोखंडी पूल असतो. त्यावर एका वेळी एकच गाडी.

तपासा: घराच्या दारावरचा नंबर आणि नाव यांचा फोटो काढा, तिथे नकाशात खूण टाका आणि ती घरी असलेल्या कुणाला तरी पाठवा. मदतीसाठी ९११ लावलात तर "तलावावर" हा पत्ता नव्हे.

## टप्पा ७: आत शिरल्यावरची पहिली वीस मिनिटं

सगळे आत शिरतात, बूट काढतात आणि गळ सोडतात. थांबा. आधी हे करा.

दार. आतून-बाहेरून नीट उघडतं का बघा. खाली बर्फ साचून दार अडकतं. फावडं आत ठेवा, बाहेर नाही.

व्हेंट. बाहेरून एक फेरी मारा. भिंतीवरची जाळी किंवा धुराडं बर्फानं बुजलंय का? हातानं मोकळं करा. आत हवेसाठी ठेवलेली फट दिसेल, तिच्यातून गार झुळूक येईल. ती बुजवायची नाही.

हे ठळकपणे सांगतो, कारण मी स्वतः हे केलंय. दुसऱ्याच वर्षी, पोरांच्या पायाला वारा लागतो म्हणून खालच्या फटीत टॉवेल कोंबला होता. अर्ध्या तासात बायकोचं डोकं दुखायला लागलं, मला मळमळ. आम्ही म्हटलं, सकाळी उपाशी निघालो म्हणून असेल. फेरीला आलेल्या माणसानं दार उघडलं, टॉवेलकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता तो काढून माझ्या हातात दिला. दहा मिनिटं बाहेर उभं केलं सगळ्यांना. डोकं उतरलं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं, आणि हे एकाच वेळी दोघांना होणं, म्हणजे विषबाधा समजा. सगळे बाहेर, मग फोन. कारण शोधत आत बसायचं नाही.

अलार्म. घरगुती अलार्म साधारण ४ अंश सेल्सियसच्या वरच नीट चालतात. गार घरात लावून लगेच भरवसा ठेवू नका. घर तापल्यावर बटण दाबून बघा.

हीटरभोवतीची जागा. ओले मोजे हीटरवर वाळत घालायचे नाहीत. झोपायच्या पिशव्या, कोट, पोरांची दप्तरं हातभर लांब.

भोकं. जमिनीत साधारण दहा इंची गोल भोकं, वर झाकणं. वापरात नसलेल्या भोकावर झाकण हवंच. लहान पोराचा पाय मांडीपर्यंत जातो. आणि गाडीची किल्ली चेनच्या खिशात, नाहीतर गळ्यात. या भोकांनी गिळलेल्या फोनांचा हिशेब कुणी ठेवला तर तलावाची खोली कमी भरेल.

एवढं झाल्यावर बूट काढा.

## टप्पा ८: गळ सोडताना

यात मी फार शिरत नाही, पहिल्या दिवशी थोडंच पुरतं. भोकावर बर्फाची साय धरते, ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढत राहायची. वडे तळताना झारा कसा फिरवतो तसाच. आधी गळाला वजन बांधून तळ शोधा, मग आमिष तळापासून हातभर वर ठेवा. वॉलआय तळाजवळ असतो. माणशी दोन गळांपैकी एक हातात धरून हलकेच उचलायचा-सोडायचा, दुसऱ्यावर जिवंत मिनो लावून बॉबर, म्हणजे दोरीला बांधलेला तरंगणारा गोळा, पाण्यावर ठेवायचा.

पोरांना वॉलआयच्या नादी लावू नका. पर्च दिवसा लागतो, लहान असतो, आणि पाच मिनिटांनी काहीतरी होतं. पोरांना तेवढंच हवं असतं.

गळ पाण्यात ठेवून सगळ्यांनी शेजारच्या घरी गप्पा मारायला जायचं नाही. गळावर लक्ष ठेवणारं माणूस तिथे हवं, हा नियम आहे आणि डीएनआरचे वॉर्डन, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारे अधिकारी, फेऱ्या मारतात.

मधूनच बर्फ गडगडतो, कधी हंबरतो, कधी लांब चाबूक ओढल्यासारखा आवाज करत घराखालून निघून जातो. पहिल्यांदा सगळे उठून उभे राहतात. तापमान बदललं की बर्फ पसरतो-आकसतो, त्याचा आवाज तो. खरी काळजी वेगळ्या खुणांची: भोकातून पाणी वर येऊन जमिनीवर पसरायला लागलं, किंवा घराजवळ नवी, पाणी दिसणारी भेग पडली, तर मालकाला लगेच फोन.

## टप्पा ९: मुक्काम असेल तर रात्र

झोपण्याआधी कुणीतरी एकानं पुन्हा बाहेर जाऊन व्हेंट बघायचा. रात्री वारा सुटून बर्फ साचतो. प्रोपेनच्या टाक्या किती भरल्यात आणि दुसरी टाकी कशी जोडायची ते उजेडात मालकाकडून शिकून घ्या. पहाटे तीनला, दिव्याच्या उजेडात, बधिर बोटांनी ते शिकू नये.

घरापाशी गाडी चालू ठेवून गरम करत बसू नका, धूर थेट आत येतो. जनरेटर असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब.

भिंतीवर दोरीच्या फिरक्या दिसतील, रॅटल रील. रात्री मासा ओढायला लागला की त्यातले मणी खुळखुळतात. दोन वाजता अंधारात तो आवाज येतो आणि चार माणसं एकाच फिरकीवर तुटून पडतात, डोक्यावर डोकी आपटून. कुठली फिरकी कुणाची हे झोपण्याआधीच वाटून घ्या.

दारूबद्दल एवढंच: बर्फावर स्नोमोबाईल किंवा गाडी चालवताना रस्त्यावरचेच कायदे लागतात. चालवणारा ठरवा आणि त्याला चहा द्या.

## टप्पा १०: निघताना

परतीच्या गाडीच्या तासभर आधी आवरायला घ्या, पाऊण तास नुसते बूट आणि पोरांचे मोजे शोधण्यात जातो.

मासे बाहेर बर्फावर सरळ आडवे ठेवा. बादलीत टाकलेले वाकडे गोठतात आणि मापाचा नियम असलेल्या तलावावर वॉर्डनला मोजता येत नाहीत. त्याच कारणासाठी कापाकापी बर्फावर करू नका. रिसॉर्टच्या किनाऱ्यावर मासे साफ करायची खोली असते, तिथे काय चालतं ते विचारून करा. घरी आणल्यावर वॉलआयचा तुकडा हळद-तिखट-मीठ, वरून रवा, आणि तव्यावर. पांढरा, घट्ट, काटा कमी. सुरमईची आठवण येईलच, पण वाईट नाही.

उरलेले जिवंत मिनो तलावात सोडायचे नाहीत, ते बेकायदा आहे. शेजाऱ्याला द्या किंवा कचऱ्यात टाका. तलावाचं पाणी बादलीतून घरी न्यायचं नाही. मिनो न्यायचे असतील तर घरून आणलेल्या पाण्यात.

कचरा तर सगळाच परत. २०२३पासून कचरा थेट बर्फावर ठेवणंदेखील गुन्हा आहे, उचलून न्यायचा विचार असला तरी. शंभर डॉलर दंड. पिशवी घराच्या आत किंवा गाडीत बांधून ठेवा. संडासाच्या पिशव्यांनाही हेच लागू.

हीटर तुम्ही बंद करायचा की चालू ठेवायचा ते मालकाला विचारा. पुढचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार असेल तर तो चालूच हवा असतो. भोकांवर झाकणं. खाटांखाली एक नजर, दिवा लावून. मग डोकी मोजा, आणि किनाऱ्यावर पोचलात की ऑफिसात जाऊन "आम्ही सगळे परत आलो" असं सांगा. तुमचा नंबर फळ्यावरून पुसेपर्यंत तिथला माणूस तुम्हाला तलावावरच धरून बसलेला असतो.